चार बोटं वर राहिलेली खूण

साल होतं दोन हजार अठरा. त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बारामतीजवळच्या कन्हेरी गावापलीकडच्या माळावर, दोनशे माणसांच्या देखत माझी नळी फुटायची होती. ती फुटली नाही, म्हणून आज मी तुमच्याशी बोलते आहे. मित्रांनो, मी एक जुनी ठासणीची रायफल आहे. आणि मला माझ्या पोटातल्या घाणीविषयी बोलायचं आहे. नाक मुरडू नका. सहा वर्षं ती घाण माझ्या आत होती, तुम्हांला ती नुसती ऐकायची आहे.

ठासणीची म्हणजे काय, ते आधी सांगते. माझ्यात काडतूस जात नाही. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू ओततात. हातभट्टीवर गाळतात ती नव्हे, उडणारी. मग शिशाची गोळी ठेवतात आणि लोखंडी गजानं ती खाली दारूपर्यंत दाबतात. घोड्याखाली एक लहानशी तांब्याची केप बसवतात. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. माझ्या नळीच्या आत स्क्रूसारखे आटे पाडलेले आहेत. त्यामुळे गोळी फिरत जाते आणि सरळ जाते. साध्या ठासणीच्या बंदुकीला हे आटे नसतात. याचा मला फार अभिमान होता. पुढे त्याच आट्यांत घाण साचली.

इंदापूरच्या आप्पासाहेबांनी एका कारागिराकडून मला हौसेनं करवून घेतलं. शिसवीचा दस्ता आणि त्यावर पितळेचं फूल. आप्पासाहेबांची हौस दोन वर्षांत फिटली. मग रीतसर परवाना होऊन मी माळावरच्या एका धनगराकडे, बिरूच्या वडिलांकडे आले. त्यांची दीडशे मेंढरं होती. सुप्याकडच्या माळावर लांडगे फिरत. लांडग्याला मारायचं नाही, आवाज काढून हाकलायचं, हे माझं काम होतं. पुढे शेती आली तेव्हा मक्यात घुसणाऱ्या डुकरांवर आवाज काढायचं काम आलं. ते मी मान वर करून केलं.

बिरूचं लग्न झालं आणि भागूबाई घरात आली. माझं खरं आयुष्य तेव्हा सुरू झालं असं मी समजते.

शिसं मऊ असतं. दारूच्या जोरानं गोळी नळीतून धावते तेव्हा ती आट्यांवर घासते आणि आपलं कातडं तिथं ठेवून जाते. पातळ, करडं, चिकटून बसलेलं. त्यावर दारूची काजळी बसते. काजळीवर पुन्हा शिसं. तोंडात शिळा घास ठेवून झोपलात आणि सकाळी उठून त्यावरच दुसरा घास खाल्लात, तर कसं वाटेल? तसं मला वाटतं. म्हणून गोळीला वंगण लागतं. माझ्या साच्यातून निघणाऱ्या गोळीच्या अंगावर तीन खाचा असतात. वंगण त्या खाचांत भरायचं. मग शिसं चिकटत नाही आणि काजळी मऊ राहते. नुसता ओला फडका फिरवला तरी निघून येते.

हे वंगण भागूबाई करायची. मधाच्या पोळ्याचं मेण आणि मेंढीची चरबी. चरबी चुलीवर वितळवून जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळायची. त्यात मेण घालायचं. थंडीत करडईचं थोडं तेल, उन्हाळ्यात मेण जास्त. मग बोट बुडवून, अंगठ्यावर चोळून बघायची.

"चिकाट लागलं पायजे, पर हाताला धरून बसता कामा न्हाय," ती म्हणायची. "पावण्यावानी. यावं, बसावं, जावं."

ते पिवळसर वंगण ती एका पितळी डबीत ओतून ठेवायची. बिरू गोळीच्या खाचा त्यानं भरायचा. गज एका दाबात खाली जायचा. गजावर करगोट्याचा लाल दोरा घट्ट बांधलेला होता. गोळी दारूवर नीट टेकली की तो दोरा बरोबर नळीच्या ओठावर यायचा. ती माझी खूण. खूण ओठावर आली म्हणजे आत सगळं जागच्या जागी आहे.

आमच्या माळावर बिरोबाचं ठाणं आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं नारळाचा नेम असायचा. साठ पावलांवर बाभळीच्या फांदीला नारळ टांगायचा. पंचक्रोशीतल्या परवान्याच्या ठासणीच्या बंदुका यायच्या. प्रत्येकाला तीन बार. जो नारळ फोडेल त्याच्या बंदुकीला देवाचा पहिला भंडारा, आणि त्या घराची बाई पालखीपुढं पहिली घागर ओतणार. बिरूनं अकरा वेळा नारळ फोडला. भागूबाईनं अकरा वेळा घागर ओतली. वंगण कुणाचं होतं हे कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

दोन हजार बाराच्या दुष्काळात मेंढरं विकली. घरातली चरबी संपली. पुढच्या वर्षी भागूबाईनं बारामतीहून विकतची चरबी आणून चुलीवर ठेवली, तेव्हा मल्हार, तिचा मुलगा, कामावरून आला. तो सोमेश्वरनगरला कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचा.

"आये, काय गं ह्यो वास! गल्लीच्या तोंडापातूर येतूया. लोकं म्हणतील कुनी मेलं का काय घरात."

"बंदुकीचं वंगाण हाय."

"त्याला चरबी कशाला? ट्रॅक्टरला पाच किलोचा डबा हाय की ग्रीसचा. त्यावर कारखान्याचं मशीन चालतंय, ही नळी चालंना व्हय?"

बिरू दारात बसून तंबाखू मळत होता. भागूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघू की लावून."

एवढंच. भागूबाईनं चरबीचं पातेलं उतरवलं. पितळी डबी धुतली, पुसली आणि उतरंडीच्या वरच्या मडक्यात टाकली. तिनं भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं.

मित्रांनो, ट्रॅक्टरचं ग्रीस वाईट नाही. चाकाच्या आसाला ते चांगलंच. पण काळ्या दारूच्या आगीत ते जळत नाही, करपतं. काजळीत मिसळून त्याचा डांबरासारखा चिकटा होतो. वर कडक, खाली ओलसर. नासक्या अंड्याचा वास येणारा. ओला फडका त्याला हलवू शकत नाही. त्या चिकट्यात शिशाचे पापुद्रे रुतले. एका पावसाळ्यानंतर माझे आटे बुजले. दोन पावसाळ्यांनंतर चिकट्याखाली गंज धरला. मला माझाच वास सहन होईना. कुणी नळीच्या तोंडाशी वाकलं की मला वाटायचं, आता हा नाक दाबेल. पण कुणी वाकतच नव्हतं.

आणि वरून काय थाट! खंडेनवमीला मल्हार खोबरेल तेलानं माझा दस्ता चमकवायचा. पितळेचं फूल लिंबानं घासायचा. हळद, कुंकू, झेंडूची माळ, उदबत्ती. बाहेरून देव्हारा आणि आत मोरी. मला त्या झेंडूच्या वासानं ओकारी यायची.

गोळी अर्थातच वाकडी जाऊ लागली. पाच वर्षं नारळ शेजारच्या वस्तीवरच्या हिंदुरावानं फोडला. बिरूला वाटे आपली नजर गेली. तो बारामतीला जाऊन चष्मा करून आला. चष्म्यातूनही नारळ चुकला. दोष डोळ्याचा, हाताचा, वाऱ्याचा, सगळ्यांचा निघाला. नळीत बघायचं कुणाला सुचलं नाही.

दोन हजार अठराला बिरू बहात्तर वर्षांचा होता. त्यानं घरी सांगून टाकलं, "औंदा शेवटचं. ह्या खेपेला फुटला तर फुटला, मग परवाना मल्हारच्या नावावर." त्याला एकदा, शेवटचं, भागूबाईच्या हातात ती घागर बघायची होती. हे तो बोलला नाही. पण दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं तांब्याची घागर स्वतः चिंचेनं घासली, ते मी भिंतीवरून पाहिलं.

आता त्या माळावरची एक रीत सांगते. खंडेनवमीला शस्त्राची पूजा झाली की नेम संपेपर्यंत बाईनं बंदुकीला हात लावायचा नाही. विटाळ होतो म्हणतात. माझ्या पोटात सहा वर्षांचा डांबरी चिकटा, तो कुणाला विटाळ वाटला नाही. चुलीपुढं घाम गाळून मला स्वच्छ ठेवणारी बाई तेवढी विटाळाची. मला या रीतीची तेव्हाही शिसारी होती, आजही आहे.

दुपारी बाराचा सुमार होता. पोलिसपाटील खुर्चीवर, बाया एका बाजूला लिंबाखाली, पुरुष दोरीच्या कडेनं. हिंदुरावाचे दोन बार चुकले होते. बिरूनं पहिला बार काढला. गोळी नारळाच्या हातभर डावीकडून गेली आणि बाभळीचा ढलपा उडाला.

"तात्या, बाभूळ तोडायची आसंल तर कुऱ्हाड देतो की!" हिंदुराव ओरडला. माणसं हसली.

बिरूनं दुसऱ्या बाराची दारू ओतली. पहिल्या बारानं चिकटा तापून आणखी फुगला होता. मल्हारनं ग्रीस चोपडलेली गोळी नळीच्या तोंडात ठेवली आणि गज दाबला. गोळी अर्ध्यावर अडकली. त्यानं जोर लावला, ती थोडी सरकली आणि पुन्हा अडकली. त्यानं दगड घेतला आणि गजाच्या डोक्यावर ठोकला. दोनदा, तीनदा. मग ती हलेचना.

"बसली!" मल्हार म्हणाला.

बसली नव्हती. दारू खाली, गोळी वर आणि मधे रिकामी जागा. अशा वेळी आगीला वाट मिळत नाही. ती गोळीला ढकलण्याआधी नळी फाडते. मला ते माहीत होतं. पण मला तोंड असून बोलता येत नाही, आणि तेही तोंड तेव्हा घाणीनं भरलेलं.

लिंबाखालून आवाज आला. "बसली न्हाय. खूण बगा."

सगळे वळले. भागूबाई उभी होती.

"आये, तू खाली बस," मल्हार म्हणाला.

"खूण वर हाय. चार बोटं वर हाय. दोरा कुठं हाय आन् नळी कुठं हाय, बग की डोळं उघडून."

हिंदुरावानं मिशीवरून हात फिरवला. "बिरूतात्या, तुमच्या घरात नेम वैनी धरत्यात व्हय? मग चष्मा त्येंस्नीच द्यायचा हुता!"

हसण्याची लाट आली. बिरूचं तोंड तांबडं झालं. त्यानं गज ओढून मल्हारच्या हातात दिला. केप बसवली. घोडा मागं ओढला. मला खांद्याला लावलं. त्याचा डावा हात माझ्या नळीखाली, नेहमीच्या जागी आला. गोळी अडकली होती ती बरोबर त्याच जागी. त्याचा तळवा घामानं ओला होता.

भागूबाई चालत आली. धावली नाही. पदर खोचलेला, हातात देवाला आणलेला पाण्याचा तांब्या. दोरी ओलांडली तेव्हा कुणीतरी "अगं, अगं!" केलं. ती बिरूच्या उजव्या अंगाला आली.

"आवं, चापावरचं बोट काडा," ती म्हणाली. तेवढंच, आणि हळू.

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात असा आवाज त्यानं कितीदा ऐकला असेल, कोण जाणे. त्यानं बोट काढलं. तिनं एका हातानं घोडा धरला, दुसऱ्यानं केप उपटून मातीत टाकली आणि तांब्यातलं सगळं पाणी घोड्याखालच्या माझ्या कुलपावर ओतलं. ठिणगीच्या भोकातून पाणी आत गेलं. दारू भिजली.

"झालं," भागूबाई म्हणाली. "आता हसा."

एक म्हातारा म्हणाला, देवाची रीत मोडली. दुसरा म्हणाला, बिरूचा डाव बाद. पोलिसपाटलानं होकारार्थी मान हलवली. तिसऱ्या बारात हिंदुरावानं नारळ फोडला आणि त्याच्या बायकोनं, रंगूबाईनं, घागर ओतली. बिरू मला उलटी धरून घरी निघाला. मल्हार मागून येत होता आणि रिकामी घागर त्याच्या हातात वाजत होती.

घरी आल्यावर भागूबाईनं चुलीवर पाणी ठेवलं. "काडा ती गोळी," म्हणाली.

ठिणगीच्या भोकावरची, केप बसवायची बोंडी काढून त्यातून गरम पाणी आत सोडलं, भिजलेली दारू धुऊन काढली. मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून बिरू गोळीत फिरवू लागला. निघेना. बापलेकांनी मिळून ओढली. अखेर ती निघाली आणि तिच्यामागून जे बाहेर आलं ते सांगायची मला लाज वाटते. काळा, लोंबणारा चिकटा. त्यात शिशाचे करडे पापुद्रे, सापाच्या कातीसारखे. तपकिरी गंजाचा चोथा. खाली पडलेलं पाणी बघून कोंबड्यासुद्धा बाजूला झाल्या. बिरूची नात वैष्णवी तेव्हा अकरावीत होती. ती नाक धरून म्हणाली, "आजोबा, ही बंदूक हाय का गटार?"

बरोबर बोलली पोर. इतक्या वर्षांत मला कुणी खरं नाव दिलं नव्हतं.

बिरूनं बोटावर तो चिकटा घेतला. राखेनं चोळला, साबणानं चोळला. गेला नाही. मग त्यानं गज नळीशेजारी आडवा धरला. गोळी कुठं अडकली होती ते मापलं. त्या जागेवर बोट टेकवलं आणि सवयीनं त्याचा डावा हात आपोआप खाली आला. बोटाच्या बरोबर खाली.

"हितं माजा हात आसतो," तो म्हणाला.

मल्हार खाली बसला. भागूबाई चुलीतली लाकडं मागं ओढत होती.

"आये..." मल्हारनं सुरुवात केली.

"ग्रीसचा डबा ट्रॅक्टरवर ठीव," ती म्हणाली. "आन् पाणी बदल. त्येच पाणी काय फिरिवतूस घाण्यावानी."

मला धुवायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी बिरूनं नळी सूर्याकडे धरून आत पाहिलं. आटे फिरत फिरत वर जाताना दिसले, थोडे खाल्लेले, थोडे पुसट, पण माझे. त्यानं मला भिंतीला टेकवलं आणि भागूबाईकडे न बघता म्हणाला, "उद्या सुप्याच्या बाजारला जातो. चरबी आणतो. कालव्याच्या पुलाखाली मोहोळ हाय, मल्हारला मेणाचं सांगतो."

माफी म्हणून एवढंच. ती म्हणाली, "मेंढीचीच आना. पिशवीत बांदून आना, न्हायतर वास येतो म्हनत्यात लोकं."

बाजारात खाटकानं बिरूला विचारलं, "आजोबा, दीडशे मेंढरंवाले तुमी, आन् चरबी इकत घेता?" बिरूनं हे घरी येऊन स्वतःच सांगितलं आणि हसला.

पंधरा दिवसांनी हिंदुराव आला. चहा झाला, उसाच्या तोडीच्या गोष्टी झाल्या. जाताना दारात थांबून म्हणाला, "वैनी, त्ये वंगाण... उगं बोटभर. माज्याबी गजाची खूण दोन बोटं वर राहती आताशा."

"तुमच्या घरात नेम कोन धरतं भावजी?" भागूबाईनं विचारलं.

"रंगूबाईला इचारून सांगतो," तो म्हणाला आणि कागदात बांधलेलं वंगण घेऊन गेला.

पुढं काय झालं, ते थोडक्यात सांगते. बिरूला तो शेवटचा नारळ मिळाला नाही. दोन हजार एकोणीसला निवडणूक आली आणि सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. मग दोन वर्षं कोरोनानं जत्राच भरली नाही. नंतर नेमाला परवानगी मिळाली नाही, आणि ते योग्यच झालं असं मी, बंदूक असून, म्हणते. आता नारळ दगडावर फोडतात. घागर आळीपाळीनं प्रत्येक घरची बाई ओतते. पहिल्या वर्षी ती भागूबाईला द्या, असं हिंदुरावच म्हणाला. माळावर अजून तो सांगतो, की शेवटच्या नेमात नारळ त्याचा, पण बरोबर नेम वैनीचा. दरवर्षी गोष्टीत थोडी भर पडते. रंगूबाई शेजारी बसून दुरुस्त करते.

वैष्णवी बारामतीला औषधाच्या दुकानात काम करते. वंगणाचं प्रमाण तिनं आजीकडून लिहून घेतलं, त्यातलं "बोटावर चोळून बघायचं" हे मात्र कसं लिहावं ते तिला कळलं नाही. मल्हार अजून ट्रॅक्टर चालवतो. माझा परवाना आता त्याच्या नावावर आहे. त्यानं मला एकदाही उडवलेलं नाही. बिरू एकोणऐंशीचा आहे. दोन्ही हात शाबूत. डाव्या हातानं तो सकाळी चहाची बशी धरतो आणि मी भिंतीवरून ती बशी बघत असते.

भागूबाई दोन हजार तेवीसच्या माघात गेली. दोन दिवसांच्या तापानं, फार त्रास न होता.

तिनं भरलेली शेवटची पितळी डबी कोनाड्यात आहे. वंगण अर्धं उरलं आहे. त्याच्या मधोमध एक खळगा आहे, तिचं बोट शेवटचं फिरलं तो. खंडेनवमीला मल्हार आधी नळीत ओला फडका घालतो, मग कोरडा, मग डबी उघडून कडेकडेनं थोडं वंगण घेतो. खळग्याला हात लावत नाही. कडेचं संपत आलं आहे. परवा बिरू म्हणाला, "नवं करायला पायजे." मल्हार म्हणाला, "करू. त्यावर ओतायचं न्हाय पर. दुसरी डबी घिऊ."

मित्रांनो, मी खेळणं नाही. मला हात लावायला या असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात जे काही जुनं असेल, पंप, शिलाईचं यंत्र, जातं, त्याला हार घालण्याआधी एकदा आत बघा. घाण असेल तर नाक धरा, पण बघा. आणि खूण वर राहिली आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणारं कोण आहे ते विचारू नका. आधी चापावरचं बोट काढा.